स्टुलावर कोण बसलंय?

९ ऑगस्ट

मेहुणेबुवा,

पेटी पोचली. तू लिहिलं होतंस की चित्र भेट आहे, आम्हाला एक दमडीही पडायची नाही. त्या भेटीचा खरा खर्च कळवतो. बंदराच्या धक्क्यावर अर्धा दिवस मोडला, कारण तिथल्या माणसाने विचारलं "आत कशाचं चित्र आहे?" आणि पेटी उघडून बघितल्यावरही मला उत्तर देता येईना. हातगाडीवाल्याला दोनदा चहा. पेटी दारातून आत येईना म्हणून दाराचं एक पान बिजागरीसकट उतरवलं आणि परत बसवताना माझ्या अंगठ्याचं नख गेलं. खिळे काढायला शेजारच्या शिंप्याची कात्री घेतली, ती मोडली, नवी भरून दिली. तुझी ताई चित्र बघून रडली, त्याचा दर मला माहीत नाही. पण त्या दिवशी चूल पेटली नाही एवढं नोंदवून ठेवतो.

आता चित्राबद्दल. आपल्या पाट्या रंगवायच्या दुकानाची मागची खोली आहे हे मी ओळखलं. शिडी ओळखली, तिची तिसरी पायरी तू अजून मोडकीच ठेवली आहेस. (दुरुस्त होऊन पाच वर्षं झाली.) पण अरे, टेबल भिंतीवर का चढलंय? रंगाचे डबे वरून दिसतात आणि शिडी बाजूने. मी स्वतः छपराला टांगून घेतलं आणि मान मोडून घेतली तरच ती खोली अशी दिसेल. रंग मात्र सपाट, स्वच्छ, एकही ओघळ नाही. हात माझ्या दुकानातला आहे हे कोणीही सांगेल.

खरा घोटाळा पुढे आहे. मधोमध माझं स्टूल आहे, त्यावर माणूस बसलेला आहे, आणि तो माणूस नाही. खांदे, डोकं, गुडघे, सगळ्या कडा तू चोख कापल्या आहेस, आत नुसतं कोरं कापड. ताई म्हणते ही आई आहे, आई अशीच पोक काढून बसायची. शिंपी म्हणतो हा तूच आहेस, परदेशी गेलास म्हणून जागा मोकळी. ते स्टूल कोणाचं आहे हे मात्र मला माहीत आहे.

कोण आहे ते कळव. बाकी तुझी पद्धत विसरला नाहीस याचं समाधान वाटलं. नऊ वर्षं दुकानात तू पाटीची जमीन भरायचास, खडूच्या रेघेला धक्का न लावता रंग अक्षराच्या कडेपर्यंत न्यायचास आणि अक्षर माझ्यासाठी कोरं सोडायचास. सात वर्षं झाली तुला जाऊन, तुझ्यासारखी जमीन कोणी भरत नाही.

दाजी


२८ ऑगस्ट

दाजी, नमस्कार घ्या, त्यातला अर्धा ताईला द्या.

खर्चाचं वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं. नखाला काय लावलंत?

तुम्ही 'कोण आहे' विचारता. इथे हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारला तर हसतात. मला स्वतःला हे कळायला तीन वर्षं लागली, आणि अजून नीट कळलंय का, सांगता येत नाही. सकाळी मी बाटल्यांना लेबलं चिकटवतो, दुपारनंतर चौकटी बनवणाऱ्याच्या दुकानामागे एक मोठी खोली आहे तिथे जातो. तिथे आमचं मंडळ जमतं. आम्ही बारा जण आहोत. त्यातले अकरा इथलेच, बारावा मी. आमचा पुढारी दाढीवाला म्हणून ओळखला जातो, मोठा माणूस आहे, वर्तमानपत्रात त्याच्यावर रागावून लिहून येतं. त्याचं म्हणणं असं की वस्तू दिसते तशी काढणं हे आता संपलं. टेबल भिंतीवर चढलेलं नाही दाजी, टेबल एकाच वेळी वरून आणि समोरून दिसतंय. का, ते विचारू नका. तो बोलत असतो तेव्हा सगळं पटतं, खोलीबाहेर पडलं की निसटतं.

मी ती बसलेली आकृती कोरी ठेवली होती तेव्हा तो एक दिवस मागे येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "ब्रश खाली ठेव. चित्र झालं. जे नाही तेच मधे बसवलंस, हे आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही." मी ब्रश खाली ठेवला. तेव्हापासून माझा भाव वधारलाय. परवा सगळ्यांसमोर म्हणाला, "हा आला नाही तर आपण प्रदर्शनाच्या दालनाचं दार उघडायचं नाही." कडा इतक्या साफ कशा कापतोस असं बाकीचे विचारतात. मी सांगत नाही. पाट्यांच्या दुकानात शिकलो हे इथे कोणाला माहीत नाही, आणि रागावू नका, पण माहीत व्हायची गरजही नाही. ते काम माझ्या हातून सुटलं ते सुटलं. पुन्हा पाटी रंगवणार नाही.

ताईला सांगा, रडू नको. चित्र बैठकीच्या खोलीत उजेडाच्या समोर लावा.


१६ सप्टेंबर

मेहुणेबुवा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मी मनात, एकदा शिंप्याने मोठ्याने. दोन्ही वेळा सारखंच समजलं, म्हणजे काहीच नाही. 'जे नाही ते मधे बसवलं' म्हणजे काय? नसलेलं बसतं कसं? मी सतराव्या वर्षी भिंती खरवडायला लागलो, आज तीन शिड्या आणि गावात दोनशेच्या वर पाट्या आहेत. एकाही गिऱ्हाइकाने मला 'जे नाही ते लिहा' असं सांगितलेलं नाही. पण तुझा तो दाढीवाला शहाणा असेल. वर्तमानपत्र ज्याच्यावर रागावतं त्याचं दुकान चालतं हे मी पाहिलंय.

पाटीचं काम सुटलं असं लिहिलंस. बरं. मी रागावलो नाही. फक्त अर्धा तास स्वच्छ ब्रश पुन्हा धूत होतो, ताईला विचार.

चित्र तू सांगायच्या आधीच बैठकीत लावलं आहे, उजेडाच्या समोर. आणि आता ऐक. जो येतो तो दारातच थबकतो आणि चित्राला नमस्कार करतो! टपालवाल्याने तर पिशवी खाली ठेवून केला. कोळसेवाला आजवर कधी कोणापुढे वाकला नव्हता, त्याने टोपी काढली. गेल्या पंधरा दिवसांत 'स्टुलावर कोण बसलंय' असं एकानेही विचारलं नाही. काम पुरं झालं की लोकांना ते सांगावं लागत नाही, बघ.

दाजी

ता. क. अरे, मी ताई. नमस्काराचं खरं आहे. पण माझं मत वेगळं होतं आणि ते यांनी विचारलं नाही. तू जेवतोस ना वेळेवर?


५ ऑक्टोबर

दाजी,

तुमचं पत्र मी रस्त्यातच उभं राहून वाचलं आणि तसाच पळत दाढीवाल्याकडे गेलो. त्याला ओळीओळीने सांगितलं: माझ्या गावात टपालवाला आणि कोळसेवाला त्या रिकाम्या जागेपुढे वाकतात, कोण आहे असं विचारतही नाहीत. तो खुर्चीत बसला होता तो उभा राहिला. म्हणाला, "इथल्या शिकलेल्या लोकांना जे दहा वर्षं समजावतोय ते तुझ्या कोळसेवाल्याला न सांगता कळलं!" मग दोन्ही हातांनी माझे खांदे हलवले. मी आनंदाने हललो, पण मला एक कोडं पडलं आहे. कोळसेवाल्याला कळलं कसं? मला अजून पुरतं कळलेलं नाही. तुम्ही त्याला काही सांगितलंत का?

आता महत्त्वाचं. आमचं पहिलं प्रदर्शन एक डिसेंबरला उघडतंय. दाढीवाला म्हणतो, तेच चित्र हवं, दुसरं काही नको. आणि मलाही ते हवं, त्याचं कारण तुम्हाला आजवर लिहिलं नाही. माझा इथे राहायचा परवाना जानेवारीत संपतो. परवाना कचेरीत नवा नियम झालाय. मी चित्रकार म्हणून अर्ज केला आहे, तर माझ्या नावाचं काम जाहीर प्रदर्शनात टांगलेलं दाखवावं लागेल, आणि ते सर्वस्वी माझ्याच हातचं आहे असं लिहून सही करावी लागेल. वीस जानेवारीला हजर राहायचंय. नाही जमलं तर महिनाभरात गाशा गुंडाळायचा. सात वर्षांनंतर काखोटीला चार ब्रश मारून परत येऊ? लोक काय म्हणतील ते सोडा, मी स्वतःला काय सांगू?

म्हणून चित्र मिळेल त्या बोटीने थेट दालनाच्या पत्त्यावर पाठवा. आणि दाजी, पेटीत भरताना त्या मधल्या कोऱ्या जागेला जपा. तिला बोटाचा डागही लागू देऊ नका. बाकी चित्र खराब झालं तर दुरुस्त करता येईल, त्या जागेला काही झालं तर मी संपलो.


२३ ऑक्टोबर

मेहुणेबुवा,

पत्र मंगळवारी मिळालं. बोट गुरुवारी सुटणार होती, पुढची महिन्याने. चित्र पाठवलं आहे.

घाई झाली म्हणून थोडक्यात. चित्राला पाणी लागू देऊ नको. ऊब पण लागू देऊ नको. कोणाला जवळ जाऊन फुंकर मारू देऊ नको. फडक्याने पुसायला तर मुळीच देऊ नको. शक्यतो लांबूनच बघावं असं चित्र आहे, दाढीवाल्याला तसं समजावून सांग.

परवान्याचं आधी का नाही लिहिलंस? माणसाने आपल्या माणसांना वेळेवर सांगितलं की चुका कमी होतात.

दाजी

ता. क. हे दोन दिवस जेवले नाहीत. मागच्या खोलीत दार लावून बसले होते आणि आतून सरस शिजवल्याचा वास येत होता. विचारलं तर म्हणाले, "पेटीला लावतोय." पेटीला खिळे असतात इतकं मलाही कळतं. काहीतरी लपवतायत. तुला काही लिहिलं तर मला कळव. ताई.


१२ डिसेंबर

दाजी,

मला काहीतरी होतंय किंवा चित्राला काहीतरी होतंय. दोन्हीपैकी कोणतं ते मला ठरवता येईना, म्हणून क्रमाने लिहितो.

पेटी दालनात वेळेवर पोचली. मला बाटल्यांच्या कामावरून सुटी मिळाली नाही, तिथल्या माणसांनीच चित्र टांगलं. मी पाहिलं तेव्हा मधली जागा मला जरा जास्तच पांढरी वाटली. पण पाच महिने चित्र डोळ्यांसमोर नव्हतं. म्हटलं, आपल्याकडच्या उन्हाने कापडाचा रंग उडाला असेल. एकच नाराजी होती, टांगलं होतं बरोबर शेगडीच्या वर. तुमचं पत्र आठवून मी म्हटलं, ऊब नको. दाढीवाला म्हणाला, "थंडीत लोक शेगडीजवळच उभे राहतात, यापेक्षा चांगली जागा दालनात नाही." मी चित्र तिथेच राहू दिलं. नवा माणूस, जागा मिळाली हेच पुष्कळ.

चौथ्या दिवशी दालन झाडणारी बाई मला म्हणाली, "तुमच्या चित्राखाली रोज पांढरा भुगा पडतो. आणि कालपासून त्यातला माणूस माझ्याकडे बघतोय." मी हसलो. वर पाहिलं तर पांढऱ्यात एक डोळा.

दाजी, एक डोळा! उजवा. मी तो काढलेला नाही. मी घरी गेलो, तोंड धुतलं, परत आलो. डोळा तिथेच. दुसऱ्या दिवशी भुवई. त्यानंतर नाकाखाली एक काळी रेघ, जाड. मला वाटलं बुरशी, झाडणारी बाई म्हणाली, "बुरशीला टोकं वळवलेली नसतात."

आणि लोक! पहिले तीन दिवस दालनात चिटपाखरू नव्हतं. आता सकाळी दार उघडायच्या आधी रांग लागते. काल काय होतं, आज काय निघालं, यावर पैजा लागतात. ज्या वर्तमानपत्राने दाढीवाल्याला वेडा ठरवलं होतं त्यानेच छापलंय, "या परक्या तरुणाने चित्राला बोलायला लावलं, तेही दिवसाला एक शब्द." दाढीवाला वार्ताहरांना सांगतो की हे आमच्या मंडळाचं नवं तत्त्व आहे, नसलेलं हळूहळू असलेलं होतं. मी शेजारी उभा राहून मान डोलावतो. आमच्यातल्या एकाने काल स्वतःचं चित्र सुरीने खरवडून पाहिलं, आत काही निघालं नाही, तो माझ्याशी बोलत नाही.

परवाना कचेरीतला कारकूनही येऊन गेला. भला माणूस वाटला. चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं तुम्हीच केलंत?" मी म्हणालो, "म्हणजे..." तो म्हणाला, "वीस जानेवारीला लेखी द्या."

सगळे माझं अभिनंदन करतात आणि मला कशाबद्दल ते माहीत नाही. कोणाला विचारण्याची सोय नाही. तुम्हाला एवढंच विचारतो. दाजी, तो डोळा कोणाचा?


३० डिसेंबर

मेहुणेबुवा,

माझा.

आता शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच.

तुझी पेटी उघडली तेव्हाच मला वाटलं की तू जमीन भरून पाठवलीस आणि मधलं माझ्यासाठी सोडलंस. यात माझं काय चुकलं? नऊ वर्षं आपण दुसरं काय केलं? कोऱ्या अक्षराची पाटी तू माझ्यासमोर ठेवायचास, एक शब्द न बोलता, आणि मी भरायचो. तुझं पत्र येईपर्यंत धीर धरवला नाही. पुढे पत्रातही तू कोण आहे ते सांगितलं नाहीस, मला वाटलं लाजतोयस. स्टूल माझं, मापं माझी, खांदा उजवीकडे उतरलेला, शिडीवरून पडलो तेव्हापासूनचा. मी आरसा घेतला आणि तीन रविवार बसून स्वतःला भरलं. ताई म्हणाली, "हात लावू नका, ती आई आहे." मी म्हटलं, "आईंना मिशी होती का?" ती म्हणाली, "चित्रातही नाहीये, तुम्हीच काढताय." तुला खरं सांगतो, मिशी फार छान आली होती. टपालवाल्याने नमस्कार केला तो मला केला होता. कोळसेवाल्याचं माझ्याकडे थोडं देणं आहे, म्हणून टोपी. हे मी लिहायला हवं होतं. पण लोक चित्रातल्या मला ओळखून वाकतात हे सुख मला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं, आणि ते मी जरा फुगवून लिहिलं.

मग तुझं दुसरं पत्र आलं, 'त्या जागेला काही झालं तर मी संपलो'. ते मी घडी घालून खिशात ठेवलं. ताईला वाचून दाखवलं नाही. तेलाचा पांढरा वाळायला आठवडा लागतो, बोट दोन दिवसांत. मग सरस शिजवला, त्यात सफेदी कालवली, चिमूटभर पिवळी माती घालून कापडाचा रंग आणला आणि स्वतःला पुसून टाकलं. तासात वाळलं. तेलावर सरसाची सफेदी टिकत नाही हे मला माहीत नाही असं समजू नकोस. मी हिशेब केला होता की थंडीचा महिना आहे, प्रदर्शन उरकेपर्यंत निभावेल. त्या गाढवांनी शेगडीवर टांगलं.

आता सहीचं. माझं मत विचारशील तर पाटीवर दुकानाचं नाव असतं, कोणत्या हाताने कोणतं अक्षर भरलं ते कोणी लिहीत नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, आपण सांगत नाही. खुशाल सही कर. ताईला आता सगळं कळलंय आणि ती म्हणते, खोटं लिहायचं नाही, परत आला तर आला, खोली आहे, ताट आहे. आमचं यावरून तीन दिवस वाजतंय.

म्हणून मी एक केलं. सोबत दुकानाच्या कागदावर दाखला जोडलाय. त्यात लिहिलंय, चित्रातला बसलेला माणूस मी रंगवला आणि नंतर मीच झाकला, माझ्या मेहुण्याला यातलं काही माहीत नव्हतं, बाकी प्रत्येक इंच त्याचा आहे, आणि तो माझ्याकडे नऊ वर्षं पाट्या रंगवायला होता, त्याच्याइतकी चोख कड या धंद्यात मी पाहिली नाही. खाली सही आणि शिक्का. वापर किंवा शेगडीत घाल. तू काय केलंस ते मी कधी विचारणार नाही. ताई विचारेल.

एक मात्र मला खरंच सांग. मी नव्हतो, तर कोण होतं?

दाजी


२४ जानेवारी

दाजी, ताई,

दोघांना मिळून लिहितो. ताई, हे पत्र तू वाच, दाजींचा आवाज मधेच बसेल.

तुमचं पत्र मिळायच्या आधीच मला कळलं होतं. सफेदी गळत गळत कानापर्यंत आली आणि कानावर ब्रश खोचलेला दिसला. सात वर्षांत मी इथे शेकडो रंगारी पाहिले, कानावर ब्रश तुमच्यासारखा उलटा खोचणारा एकही नाही. मी तिथेच शेगडीच्या कठड्यावर बसलो. झाडणाऱ्या बाईने पाणी दिलं. "तुमचा कोण?" म्हणाली. मी म्हटलं, "ताईचा नवरा." ती म्हणाली, "मग एवढे दिवस सांगितलं का नाहीत?"

दाजी, तुम्हीच होता. ताई, आई नव्हती ती, माफ कर. मी आधी स्टूल काढलं आणि त्यावर दाजींना बसवायला गेलो. नऊ वेळा चेहरा काढला, नऊ वेळा पुसला. एकदा तो माझ्या घरमालकाचा झाला, एकदा लेबलं मोजणाऱ्या मुकादमाचा. खांदा येत होता, पोक येत होती, मिशी कशी होती तेही सांगता येत होतं, पण तोंड काही केल्या आठवेना. ज्याने मला हातात ब्रश धरायला शिकवलं त्याचं तोंड मला आठवत नव्हतं आणि हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. तेव्हा दाढीवाला मागे येऊन म्हणाला, झालं. मी हो म्हणालो. त्याने त्या कोऱ्या जागेला एक नाव दिलं, मी ते पाठ केलं, मग त्यावर व्याख्यानं झाली. मला वाटायला लागलं की कदाचित मी तेच करत होतो. अजूनही कधीकधी वाटतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी लिहायला बसलो होतो, पण 'दाजी, तुमचा चेहरा विसरलो' असं पत्र घरी कसं पाठवायचं?

वीस तारखेला दाखला खिशात घालून गेलो. जाताना ठरवलं होतं, दाखवायचा नाही. सगळीकडे माझं नाव छापलंय, एक सही केली की झालं. कारकुनाने कागद पुढे सरकवला. 'हे काम सर्वस्वी माझ्या हातचं आहे.' मी टाक उचलला, आणि मला डोळ्यांसमोर तुम्ही दिसलात, मागच्या खोलीत दार लावून स्वतःचंच तोंड सफेदीने पुसताना. मी टाक खाली ठेवला आणि दाखला पुढे केला.

त्याने तो दोनदा वाचला. शिक्का उजेडात धरला. "म्हणजे चित्र तुमचं, माणूस यांचा, पांढरं यांचं, आणि निघून गेलं ते शेगडीचं?" मी म्हटलं, हो, असंच काहीतरी. तो आत गेला, साहेबाला घेऊन आला. साहेबाने विचारलं, "मग चित्रकार कोण?" दोघेही माझ्याकडे बघत राहिले. शेवटी साहेबाने तो अर्ज फाडला. मग त्याने दाखल्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं, "नऊ वर्षं पाट्या? हे खरं आहे? मग आधीच का नाही सांगितलंत? अर्ध्या शहराच्या पाट्या पोपडे धरून बसल्यात, रंगवायला माणूस मिळत नाही." दोन वर्षांचा परवाना मिळाला आहे. व्यवसायाच्या जागी लिहिलंय, पाट्या रंगवणारा. ताई, तू जिंकलीस. दाजी, जिंकलात तुम्हीही, पण कशात ते मला नीट सांगता येत नाही.

संध्याकाळी दाढीवाल्याला सगळं सांगितलं. त्याने बराच वेळ दाढीत बोटं फिरवली. म्हणाला, "हे आणखी कोणाला बोललास?" मी म्हटलं, कचेरीत. तो म्हणाला, "वाईट झालं. चित्र चांगलं होतं, गोष्ट वाईट आहे." तो चिडला नव्हता, उलट त्याने मला चहा पाजला. चित्र दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीवर पोचतं झालं. उरलीसुरली सफेदी मी ओल्या फडक्याने पुसली. तुम्ही आता माझ्या खाटेसमोर बसलेले असता, मिशीसकट. टेबल अजून भिंतीवरच आहे आणि तुम्ही त्याच्याकडे जरा रागाने बघताय. खोलीत शिरताना माझेही हात आपोआप जोडले जातात.

मंडळाचं दुसरं प्रदर्शन मार्चमध्ये आहे. परवा त्यांची चित्रं पाहून आलो. कोणी खुर्ची काढली आहे, कोणी खिडकी, कोणी जेवणाचं टेबल, आणि सात चित्रांत मधोमध एक माणूस कोरा सोडलेला आहे. कडा काही नीट कापलेल्या नाहीत. दाढीवाल्याने मला बोलावलं होतं ते दालनाच्या दारावरच्या पाटीसाठी. काम घेतलं, काल पुरं केलं. सर्वात वर मंडळाचं नाव, त्याखाली चित्रकारांची नावं, सगळी एका मापात. त्यांनी दिलेल्या यादीत बाराऐवजी अकरा नावं होती, मी अकराच रंगवली.